‘शत्रुराष्ट्राचा खेळाडू, म्हणून संशय’ हा युक्तिवाद का टिकत नाही

मोठी स्पर्धा जवळ आली की समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: शत्रुराष्ट्रांच्या खेळाडूंवर माध्यमं संशय घेतात, यात पक्षपात कसला? त्या देशांनी डोपिंग, म्हणजे बंदी असलेल्या औषधांचा वापर, केल्याचं सिद्ध झालंय. आपल्या बाजूचा कोणी सापडला तर त्यालाही कोणी सोडत नाही. आणि खेळाडू म्हणजे शेवटी त्या राजवटीचाच चेहरा. हे सगळं ऐकायला सडेतोड वाटतं आणि अनेकांना पटतंही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलतो.

‘त्यांचा इतिहासच तसा आहे’

इतिहास खरा आहे, तो झाकायचं कारण नाही. पूर्व जर्मनीने सरकारी योजना आखून खेळाडूंना, अगदी अल्पवयीन मुलींनाही, स्टिरॉइड्स दिली. २०१४च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशियाने प्रयोगशाळेतले लघवीचे नमुने बदलले. २०१६च्या मॅकलॅरेन अहवालात, म्हणजे त्या प्रकरणाच्या स्वतंत्र चौकशीच्या अहवालात, त्याचा तपशील आहे. हे बाहेर काढणाऱ्या पत्रकारांचं काम मोलाचंच होतं. पण देशाच्या इतिहासामुळे चाचण्या वाढवता येतात, एखाद्या मुलीला गुन्हेगार ठरवता येत नाही.

२०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नेमकं तेच झालं. चीनच्या १६ वर्षांच्या ये शिवेनने ४०० मीटर वैयक्तिक मेडले (एकाच शर्यतीत चार प्रकारांनी पोहणं) ४ मिनिटं २८.४३ सेकंदांत जिंकली, विश्वविक्रमासह. अमेरिकेतल्या जलतरण प्रशिक्षकांच्या संघटनेचे जॉन लेनर्ड यांनी ही कामगिरी अस्वस्थ करणारी असल्याचं म्हटलं आणि जगभर मथळा गाजला: शेवटच्या ५० मीटरमध्ये ही मुलगी पुरुष विजेत्या रायन लॉक्टीपेक्षाही वेगवान! आकडे खरेच होते, तिचे २८.९३ सेकंद आणि त्याचे २९.१०. मात्र लॉक्टीने पूर्ण शर्यत ४:०५.१८ मध्ये, म्हणजे तिच्यापेक्षा २३ सेकंद आधी संपवली होती, हे मथळ्यात नव्हतं. शेवटच्या टप्प्यात तो इतका पुढे होता की त्याला जीव तोडून पोहण्याची गरज नव्हती. त्याच अंतिम फेरीतले दुसरे पुरुष शेवटचे ५० मीटर तिच्याहून वेगाने पोहले होते, तेही नव्हतं. ‘नेचर’सारख्या विज्ञान नियतकालिकानेही या विषयावरच्या लेखात वेळांच्या चुका केल्या. ती एकाही चाचणीत दोषी आढळलेली नाही, हे आधीच सांगायला हवं होतं, अशी खंत त्यांना नंतर व्यक्त करावी लागली.

त्याच तलावात अमेरिकेच्या १५ वर्षांच्या केटी लेडेकीने ८०० मीटर फ्रीस्टाइल चार सेकंदांहून जास्त फरकाने जिंकली. ती ‘विलक्षण गुणवान मुलगी’ ठरली, आणि ते योग्यच होतं. मग ये शिवेनबद्दल हे शब्द का सुचले नाहीत, याचं उत्तर इतिहासाचा दाखला देणाऱ्यांनी द्यायला हवं.

‘पण त्या २३ चिनी जलतरणपटूंचं काय?’

हा त्यातल्या त्यात वजनदार मुद्दा. २०२१च्या सुरुवातीला २३ चिनी जलतरणपटूंच्या नमुन्यांत ट्रायमेटाझिडिन हे बंदी असलेलं हृदयाचं औषध सापडलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ते अन्नात गेलं, हा खुलासा ‘वाडा’ने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, मान्य केला आणि प्रकरण २०२४पर्यंत लोकांसमोर आलं नाही. ही बातमी व्हायलाच हवी होती. पुढे मात्र तिची व्याप्ती गुपचूप वाढली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान चानलेने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत जिंकल्यावर त्याच्याकडेही याच चष्म्यातून पाहिलं गेलं, आणि त्याचं नाव त्या २३ जणांत नव्हतंच.

‘आपल्या बाजूच्यांनाही सोडत नाहीत’

शेवटी सोडत नाहीत हे खरं, पण तोवर बराच काळ जातो. १९८८च्या ऑलिंपिकसाठीच्या अमेरिकी निवड चाचणीत धावपटू कार्ल लुइसच्या नमुन्यांत उत्तेजक द्रव्यं सापडली होती. ती नकळत पोटात गेली, हे मान्य झालं आणि तो सोल ऑलिंपिकमध्ये खेळला. तिथे कॅनडाचा बेन जॉन्सन पकडला गेल्यावर १०० मीटरचं सुवर्णपदक लुइसकडे आलं. त्याच्या नमुन्यांची गोष्ट लोकांना कळली २००३मध्ये. त्याचा खुलासा खरा असेलही. मग तशाच खुलाशावर चिनी खेळाडूंना हसणं कोणत्या न्यायाने?

अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं प्रकरण याहून बोलकं आहे. त्याच्या १९९९च्या नमुन्यांत ईपीओ हे बंदी असलेलं द्रव्य असल्याची बातमी फ्रान्सच्या ‘लेकिप’ दैनिकाने २००५मध्ये दिली, तेव्हा अमेरिकेत कित्येकांनी ती फ्रेंचांचा मत्सर म्हणून उडवून लावली. त्याची ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीची सातही विजेतेपदं गेली २०१२मध्ये.

‘खेळाडू म्हणजे राजवटीचा चेहरा’

किमिया अलिझादेहने २०१६मध्ये इराणसाठी तायक्वांदोचं कांस्य जिंकलं, २०२०मध्ये देश सोडला, टोकियोत ती निर्वासित संघातून खेळली आणि पॅरिसमध्ये बल्गेरियाकडून तिने पुन्हा कांस्य मिळवलं. खेळाडू तीच, लाथ तीच. ती कालपर्यंत राजवटीचा चेहरा असेल आणि सीमा ओलांडताच स्वातंत्र्याचा चेहरा झाली असेल, तर दोन्ही वेळा आपण तिच्याकडे पाहिलंच नाही. जे देश सोडत नाहीत, त्यांच्या मागे आई-वडील असतात, घर असतं. त्यांच्यावर सरकारच्या पापांचा हिशोब मांडणं मला अन्यायाचं वाटतं.

‘निदान आपली माध्यमं तरी आपल्या खेळाडूंच्या बाजूने असतात’

टोकियोनंतर नीरज चोप्राने मुलाखतीत सहज सांगितलं की अंतिम फेरीत त्याचा भाला अर्शद नदीमच्या हातात होता, तो त्याने मागून घेतला. तेवढ्यावरून पाकिस्तानी खेळाडूने भाल्याशी छेडछाड केल्याच्या गोष्टी पसरल्या. स्पर्धेत जमा केलेला भाला कोणीही स्पर्धक वापरू शकतो. हा नियम कोणत्याही वार्ताहराला एका फोनवर कळला असता. शेवटी नीरजलाच व्हिडिओ करून तो समजवावा लागला, आणि आपलं नाव अशा प्रचारासाठी वापरू नका, असंही सांगावं लागलं.

पॅरिसमध्ये अर्शदने ९२.९७ मीटर फेकून सुवर्ण घेतलं, नीरजला रौप्य मिळालं. सुवर्ण जिंकलेलाही आपलाच मुलगा, असं नीरजची आई म्हणाली तेव्हा तिचं तोंडभरून कौतुक झालं. एप्रिल २०२५मध्ये नीरजने आपल्या स्पर्धेचं निमंत्रण इतर खेळाडूंसोबत अर्शदलाही पाठवलं आणि लगेच पहलगामचा हल्ला झाला. निमंत्रणं हल्ल्याच्या आधी गेली होती, तरी लोक नीरजच्या देशनिष्ठेवर घसरले. ज्या वाक्यासाठी वर्षापूर्वी आईची वाहवा झाली, त्याच वाक्यावरून आता तीच माणसं तिला लक्ष्य करत आहेत, असं भारताला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणाऱ्या त्या माणसाला निवेदनात लिहावं लागलं.