दगडांचा फोटो नंतर काढा, आधी माती बघा

डेन्मार्क-स्वीडन फिरून आलेल्यांच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. हिरवं शेत, तीन-चार उभे दगड, त्यांच्यावर आडवा टाकलेला प्रचंड धोंडा, म्हणजे एक प्राचीन थडगं. खाली ओळ: 'पाच हजार वर्षं जशीच्या तशी उभी!'

जशीच्या तशी कुठली? बहुतेक वेळा तो सांगाडा असतो. भोवतीची माती नांगरानं आणि पावसानं कधीच नेलेली असते. या थडग्यांचं निम्मं कसब मातीत आहे आणि कौतुक मात्र सगळं दगडांच्या वाट्याला जातं, ही माझी तक्रार.

डॅनिश लोक यांतल्या मोठ्या थडग्यांना 'येट्टेस्टुए' म्हणतात, म्हणजे राक्षसाची खोली. इ. स. पू. ३३०० ते ३१०० च्या सुमाराची ही बांधणी. उभ्या शिळांची सपाट बाजू आत ठेवायची आणि त्या किंचित आत कलत्या रोवायच्या. दोन शिळांमधली फट पातळ चिपा एकावर एक रचून बुजवायची, अगदी कोकणातल्या गडग्यासारखी, चुना-माती न घालता. काही ठिकाणी या चिपांच्या थरांमध्ये भूर्जाच्या सालीच्या घड्या सापडल्या आहेत. ही साल म्हणजे संशोधकांची लॉटरीच. आतल्या हाडांवरून बांधकामाचं वय कळत नाही, कारण त्याच खोलीत पुढे शेकडो वर्षं माणसं पुरली गेली. साल मात्र बांधतानाच घातलेली, त्यामुळे तिच्यातल्या कार्बन-१४ वरून काढलेलं वय हेच थडग्याचं वय.

शिळांच्या मागे आणि छताच्या धोंड्यांवर चिकणमाती आणि भाजून फोडलेल्या चकमकीच्या दगडाचा चुरा ठासून भरलेला असतो. पाणी आत न झिरपता बाहेरच्या बाहेर निघून जावं, ही त्यामागची युक्ती. वरून मातीचा ढिगारा. हा ढिगारा शोभेचा नाही, तो शिळांना मागून रेटून धरतो. नांगरानं कडा कुरतडली की रेटा कमी होतो, शिळा सरकतात, गडगा आत ढासळतो आणि त्या भगदाडातून माती खोलीत ओतू लागते. मग छताच्या धोंड्याचं वजन दोन-तीन शिळांवरच येतं. पूर्वीच्या काही डागडुजींत फटी सिमेंटनं भरल्या. ते उलट अंगाशी आलं, कारण दगड हलतात, सिमेंट हलत नाही, आणि अडलेलं पाणी हिवाळ्यात गोठून फुगतं.

मातीचं खरं कसब बघायचं तर कांस्ययुगात या. डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या एग्तवेद इथला टेकाडवजा ढिगारा १९२१ मध्ये उकरला, तेव्हा ओकच्या ओंडक्याच्या शवपेटीत सोळा-अठरा वर्षांची मुलगी निघाली. अंगात लोकरीचा आखूड झगा, कमरेला दोऱ्यांचा घागरा, पोटावर कांस्याची गोल चकती. पेटीसाठी झाड तोडलं गेलं इ. स. पू. १३७० मध्ये, हे ओकच्या वलयांवरून ठरलं. केस, नखं, दातांचं एनॅमल, कापड टिकलं आणि हाडं मात्र विरघळून गेली. उलटं कसं झालं?

हे ढिगारे सुट्या मातीचे नसतात. कुरणातून गवत-मुळांसकट मातीच्या वड्या कापायच्या आणि गवताची बाजू खाली करून थर लावायचे. गाभा ओला आणि घट्ट राहिला की गवत कुजताना आतला प्राणवायू संपतो. मातीतलं लोह विरघळून बाहेरच्या बाजूला सरकतं आणि जिथे हवा भेटते तिथे गंजून त्याची कडक खपली धरते. आतलं पाणी आतच कोंडलं जातं. ते आम्ल असतं, म्हणून हाडं जातात आणि लोकर राहते. खपलीला एक भोक पडलं तरी खेळ संपला. गेल्या दीड-दोनशे वर्षांतल्या कुदळींनी अशी किती भोकं पाडली असतील!

थोडा हिशोब करा. ३० मीटर व्यास आणि ६ मीटर उंचीच्या ढिगाऱ्याला सुमारे २२०० घनमीटर माती लागते. वडी १० सेंटिमीटर जाड धरली तर दोन हेक्टरांहून जास्त कुरण सोलावं लागणार, म्हणजे साडेपाच एकर. गुरांवर जगणाऱ्या लोकांनी एका मेलेल्या माणसासाठी एवढा चारा घालवला. माझ्या मते हा खर्च कांस्याच्या चकतीपेक्षा जास्त बोलतो.

नॉर्वेतल्या ओसेबेर्गमध्येही तेच. तिथे इ. स. ८३४ मध्ये जहाजासकट दोन बायका पुरल्या. खाली निळसर चिकणमाती, वर गवतमातीचा ढिगारा, त्यामुळे १९०४ मध्ये काढेपर्यंत लाकूड टिकलं. नंतर मऊ पडलेल्या कोरीव वस्तू तुरटीच्या गरम द्रावणात ठेवून कडक केल्या. तुरटीतून लाकडात गंधकाम्ल तयार झालं आणि आज त्या वस्तू आतून भुगा होत आहेत. हजार वर्षं मातीनं सांभाळलं, शंभर वर्षांत उपचारानं पोखरलं. जहाज तुरटीत घातलं नाही, म्हणून वाचलं.

डेन्मार्कमध्ये दिसणारे सगळे ढिगारे १९३७ पासून कायद्यानं सुरक्षित आहेत. पायथ्यापासून २ मीटरपर्यंत नांगरणी नाही, खत नाही, लागवड नाही. कागदावर उत्तम आहे. पण नांगर दर वर्षी वीतभर आत सरकला तर कोण मोजतंय? झाडं वाढू दिली तर वादळात उन्मळून मुळांसकट गाभा उचकटतात. बिज्जू म्हणजे बॅजर बिळं करतो. ओल्या दिवसांत गुरांचे खूर उतार तुडवतात. सगळ्यांत बरी मेंढरं, हलकी असतात आणि गवत आखूड ठेवतात.

(विदर्भातली शिळावर्तुळं 'यांचीच भावंडं' म्हणून फिरवणाऱ्यांसाठी: जुनापाणीची वर्तुळं लोहयुगातली, येट्टेस्टुएंनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी उभारलेली. नातं नाही.)

कोपनहेगनहून जाणार असाल तर लायरेजवळची ओम येट्टेस्टुए बघा. नावाचा आपल्या ॐशी काही संबंध नाही, उगाच फॉरवर्ड करू नका. गुडघे मळतील असे कपडे घाला, कारण आत जायची वाट बुटकी आहे. टॉर्च न्या. मेणबत्त्या नकोत, काजळी आणि मेण दगडाला धरतं. आत गेल्यावर छताकडे नंतर बघा, आधी दोन शिळांमधल्या फटीवर उजेड टाका आणि चिपा कशा बसवल्यात ते निरखा. बाहेर आलात की पायथ्याला एक फेरी मारा आणि नांगराचा शेवटचा तास कुठपर्यंत आलाय ते बघा.