मोफत पॉलिश

पावतीवर छापील रकाने होते आणि काउंटरवरचा तरुण भिंगातून घड्याळ बघत बघत ते भरत होता. डायल : डाग. काटे : पिवळे. बाहेरची केस : ओरखडे. एकंदर स्थिती : वाईट. त्याच्या बरोबर खाली 'ग्राहकाची सही'. वाईट स्थिती घड्याळाची की ग्राहकाची, हे कागदावरून कळायला काही मार्ग नव्हता. मी सही केली. तो कागद आठवला की अजून कानशिलं तापतात.

घड्याळ मामांचं. स्विस, चावीचं, १९६०च्या दशकातलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल फारसं चांगलं येणार नाही. दिवसाला चार मिनिटं मागे पडायला लागलं, म्हणजे आतलं तेल वाळलं असणार. असलं घड्याळ पट्टे आणि सेल विकणाऱ्याकडे द्यायचं नाही हे मामांनी बजावून ठेवलेलं, म्हणून थेट अधिकृत सेंटर गाठलं. काचेचं दार, गार हवा, सोफा.

तरुण अतिशय नम्र होता. नम्र माणसाशी भांडता येत नाही, आणि बहुधा त्यासाठीच त्याला तिथे बसवलेलं असतं.

"सर, डायल बदलावी लागेल. काटेही. काच, चावी आणि सील तर आम्ही बदलतोच. वॉटरप्रूफ करून द्यावं लागतं."

मामा हात धुतानासुद्धा घड्याळ काढून ठेवायचे. मलाही ते घालून विहिरीत उडी मारायची नव्हती. तसं मी म्हणालो. तो हसला आणि पुढचा रकाना भरू लागला.

"एवढं सगळं बदललं तर जुनं काय उरेल?"

त्याने खरोखर विचार केला. "सीरियल नंबर, सर."

"मग काढलेली डायल आणि काटे मला परत द्या."

"ते जमा होतात सर. पॉलिसी आहे. पण केसचं पॉलिश मोफत आहे."

"मोफत?" सोफ्यावरून आवाज आला.

इथे या गृहस्थांची ओळख करून दिली पाहिजे. ते आपल्या घड्याळाच्या पट्ट्यातल्या दोन कड्या काढून घ्यायला आले होते. गेल्या खेपेला त्याच दोन कड्या बसवून घ्यायला आले होते, असं त्यांनीच सांगितलं. मध्यंतरी साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला लावलं, मनगट बारीक झालं. जुन्या कड्या एका पुडीत घालून खिशात ठेवायचा त्यांचा शिरस्ता होता. "परत लागतात हो. दिवाळीनंतर."

ते उठून माझ्या शेजारी आले आणि न विचारता मामांचं घड्याळ तळहातावर घेऊन त्यांनी त्याचं वजन अजमावलं.

"हलकं आहे."

मी गप्प.

"सेल कुठला लागतो?"

"सेल नाही. चावी द्यावी लागते."

"रोज?"

"रोज."

त्यांनी माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिलं की मलाच माझी दया आली. "आणि एवढं करून मागे पडतं?"

"चार मिनिटं."

त्यांनी खिशातून फोन काढला. चार गुणिले तीनशे पासष्ट. भागिले साठ. "चोवीस तास वीस मिनिटं! साहेब, वर्षाला तुमचा एक अख्खा दिवस बुडतोय. वर वीस मिनिटं." मग दहा वर्षांचा हिशेब झाला. मग मामांच्या हयातीचा. घड्याळ मामांच्या वेळी बरोबर चालत होतं, या माझ्या म्हणण्याकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती.

मग मीही हिशेब केला. दिवसाची मिनिटं १४४०. त्यात चार चुकली, म्हणजे ९९.७ टक्के बरोबर. एवढे टक्के मला जन्मात कशात पडलेले नाहीत. पण ज्या माणसाच्या मनगटावर सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आहे त्याच्यापुढे टक्केवारी काढण्यात अर्थ नसतो. जपानच्या सेइको कंपनीने १९६९च्या नाताळात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या हजारो कारागिरांच्या हातचं काम गेलं. त्या सगळ्या आपत्तीचा निकाल या गृहस्थांच्या चेहऱ्यावर स्वच्छ छापलेला होता.

"तर पॉलिश मोफत आहे," त्यांनी गाडी मूळ मुद्द्यावर आणली. "मग घेत का नाही?"

मी समजावलं. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं. पट्टा जिथे अडकतो त्या पायांच्या धारदार कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत. जुन्या घड्याळाची किंमत त्या कडांत असते, त्या पिवळ्या डायलमध्ये असते.

"डाग पडल्याने किंमत वाढते?"

"पुष्कळदा वाढते."

ते तरुणाकडे वळून म्हणाले, "ऐकलंत?" तरुण नम्रपणे ऐकत होता.

मी इरेला पेटलो. सांगितलं की, पॉल न्यूमन नावाच्या अमेरिकन नटाचं एक घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कला लिलावात निघालं आणि पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. त्याच्या बायकोने घेऊन दिलेलं, नंतर त्याने ते मुलीच्या मित्राला असंच देऊन टाकलेलं. क्रीम रंगाची डायल, वापरून वापरून जुनी झालेली.

गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, जिंकलो.

"पॉलिश केलं असतं तर दोन कोटींना गेलं असतं," ते म्हणाले.

एवढ्यात त्यांचं घड्याळ आलं. त्यांनी कड्या मोजून पुडीत घातल्या, पट्टा मनगटावर फिरवून बघितला आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फुकट देतायत तर घ्या. उगाच अभिमान धरू नका."

काट्यांचं तर सांगायचंच राहिलं. अंधारात चमकणाऱ्या त्या लेपात पूर्वी रेडियम असायचं. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांत तो लेप लावणाऱ्या मुली कुंचल्याला टोक आणायला तो ओठांत धरायच्या. त्यांची जबड्याची हाडं झिजली, कित्येक जणी मेल्या आणि कंपन्या बराच काळ कानावर हात ठेवून बसल्या. साठच्या दशकात रेडियमच्या जागी ट्रिटियम आलं. ते दर बारा-एक वर्षांनी निम्मं होतं, त्यामुळे मामांचे काटे आता अंधारात काहीच दाखवत नाहीत. उजेडात मात्र त्या लेपाला जो मधाळ रंग चढलाय तो साठ वर्षं थांबल्याशिवाय चढत नाही. त्याला रकान्यात 'पिवळे' म्हणायचं आणि काढून फेकायचं, हे मला पटत नाही.

माझा खरा राग यावर आहे. जाहिरातीत याच कंपन्या आजोबा, नातू आणि मधोमध घड्याळ दाखवतात. नातू ते घड्याळ घेऊन खरोखर दारात उभा राहिला की त्याच्यापुढे फॉर्म सरकवतात. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यावं आणि डॉक्टरांनी "यांच्याऐवजी एक तरुण घेऊन जा, नाव तेच ठेवू" म्हणावं, तसलाच हा प्रकार. बरं, बाहेर नीट करून घ्यावं म्हटलं तर कित्येक कंपन्या सुटे भाग बाहेरच्या कारागिरांना देत नाहीत. वस्तू विकत घेतलेली आपण, पण तिचा बिघाड त्यांच्या मालकीचा.

मी घड्याळ परत मागितलं. त्यासाठी वेगळा फॉर्म होता. 'ग्राहकाने दुरुस्ती नाकारली.' पुन्हा सही.

नंतर ज्या कारागिराकडे गेलो तो नम्र नव्हता. नमस्कारसुद्धा केला नाही. पण त्याने माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं, आणि माझ्या लेखी निवड तिथेच झाली. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. आधी ज्यांनी ज्यांनी घड्याळ उघडलं त्यांच्या. एका खुणेखाली १९७४ होतं. त्याने घड्याळ एका छोट्या यंत्रावर ठेवलं. ते टिकटिक ऐकतं आणि आतला बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, किती अंश फिरतो ते पडद्यावर दाखवतं. तासाला १८,००० ठोके पडायला हवेत, आणि धडधाकट बॅलन्स २७० अंशांच्या पुढे फिरतो. मामांचा १९०च्या आसपास डुगडुगत होता.

"तेल वाळलंय. मशीन पूर्ण खोलून धुवावं लागेल. बाकी ठीक आहे."

एकंदर स्थितीबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. मी त्याला मिठी मारायचा बाकी होतो.

"डायल?"

"तिला हात लावणार नाही."

"पॉलिश?"

त्याने भिंग डोळ्यावरून काढून प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं. "कशाला?"

हे सगळं गोड वाटत असेल, तर पुढचंही ऐका. पावती मागितली तर म्हणाला, घड्याळ माझ्याकडे आहे हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, तिसऱ्या कोणाला कळवायचंय? गॅरंटी विचारली तर म्हणाला, आपटलं नाहीत तर चालेल. स्प्रिंग बदलावी लागली तर कंपनी देणार नाही, कुठल्या तरी बंद पडलेल्या जुन्या मशीनमधून मिळेपर्यंत थांबावं लागेल. कधी मिळेल? मिळेल तेव्हा. दुकानात बसायला खुर्ची नाही. फोन तो उचलत नाही, कारण हातात चिमटा असतो. म्हणजे एकीकडे सोफा, फॉर्म आणि उरणार फक्त सीरियल नंबर. दुसरीकडे अख्खं घड्याळ शाबूत, पण ते आपलंच आहे याचा कागद नाही. या दोघांच्या मधलं काही असायला काय हरकत होती, हे मला कोणी सांगत नाही.

परवा न राहवून दुकानात डोकावलो. घड्याळ एका खाचांच्या ताटलीत सुटं पडलं होतं, वर काचेचं झाकण. मी अदबीने विचारलं, साधारण कधीपर्यंत होईल?

"घाई असेल तर असंच पुडीत बांधून देतो," तो मान वर न करता म्हणाला.