"मार्कांना काही अर्थ नसतो" असं फ्रेशरला सांगू नका

निकालाचे दिवस आले की एक पोस्ट हमखास फिरू लागते. "मार्कांना काही अर्थ नसतो. मला आजवर कोणी मार्कशीट विचारलेली नाही. अनुभव घ्या, अनुभव!" लिहिणारी व्यक्ती नोकरीत दहा-पंधरा वर्षं मुरलेली असते आणि ती खोटं बोलत नसते. तिला खरंच कोणी विचारत नाही. पण ती पोस्ट वाचून निर्धास्त होणारं पोर शेवटच्या वर्षाला असतं, आणि थोड्याच महिन्यांत ते जो फॉर्म उघडणार असतं त्यात मार्कांचा रकाना सक्तीचा असतो. नव्या मुलांचे अर्ज वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. या सल्ल्याने नेमकं कोणाचं नुकसान होतं ते मला जवळून दिसतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

या सल्ल्याच्या पाठीशी नेहमी एक मोठं नाव उभं केलं जातं. लॅझ्लो बॉक गूगलमध्ये मनुष्यबळ विभागाचे प्रमुख होते, तेव्हाची, २०१३ सालची गोष्ट. न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले की भरतीसाठी निकष म्हणून कॉलेजची ग्रेड आणि परीक्षांचे गुण कुचकामी आहेत. हे वाक्य जगभर गाजलं, अजूनही गाजतंय. पण त्यांनी तिथेच एक अपवाद सांगितला होता: नुकतीच पदवी घेतलेले उमेदवार. त्यांच्या बाबतीत ग्रेडचा कामाशी थोडासा संबंध दिसतो, असं ते म्हणाले होते. ज्यांना हा सल्ला दिला जातो, नेमके तेच त्या अपवादात बसतात. तेवढा भाग मात्र फॉरवर्ड करताना गळून पडतो.

आता अर्जाचं प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात. पहिल्या फेरीत ते सगळे कोणी वाचत नाही, वाचणं शक्यही नसतं. एक रेषा आखली जाते, बहुतेक ठिकाणी ती सॉफ्टवेअरच आखतं, आणि तिच्या खालचे अर्ज माणसाच्या नजरेस पडतच नाहीत. रेषेच्या एक टक्का खाली राहिलेली मुलगी एक टक्का वर असलेल्या मुलीपेक्षा कमी हुशार आहे असं एचआरमधल्या कोणाचंही मत नसतं. त्यांना संध्याकाळपर्यंत गठ्ठा आटोक्यात आणायचा असतो, बस. मार्क ही चाळणी आहे. तिचं काम तेवढंच, पण त्या पहिल्या दिवशी सगळी सत्ता तिच्याच हातात असते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पदवी हातात पडण्याआधी आणि पहिल्या नोकरीपर्यंत, ती रेषा ओलांडण्यापुरते मार्क अत्यंत महत्त्वाचे. रेषा ओलांडली की पुढच्या प्रत्येक टक्क्याची किंमत झपाट्याने घसरते, आणि तिथून पुढे तो वेळ खऱ्या कामाला दिलेला बरा. वर्गात पहिल्या तिघांत यायचं म्हणून तीन वर्षांत कॉलेजबाहेरच्या कोणासाठीही एक काम न केलेली मुलं मी पाहते, तेव्हा जीव तुटतो. अनुभवाच्या नादात दोन विषय राहिलेले आणि मग फॉर्मच भरता न येणारी मुलं पाहते, तेव्हाही तुटतो.

ही चाळणी आधीपेक्षा थोडी सैल झाली आहे, हेही खरं. अमेरिकेत नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड एम्प्लॉयर्स ही संस्था दर वर्षी कंपन्यांची पाहणी करते. २०१९च्या अहवालात सुमारे ७३ टक्के कंपन्या ग्रेड पाहून अर्ज गाळत होत्या, २०२३च्या अहवालात हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास आलं. ब्रिटनमध्ये अर्न्स्ट अँड यंग या बड्या ऑडिट-सल्लागार कंपनीने २०१५ साली जाहीर केलं की पदवीच्या श्रेणीची किमान अट आपण काढून टाकतोय. चांगली गोष्ट आहे. पण अट गेली म्हणून गठ्ठा लहान होत नाही. मग गाळायचं कशाने? ऑनलाइन चाचण्यांनी, आणि इंटर्नशिप केली आहे का, या प्रश्नाने.

इंटर्नशिपचं वजन किती असतं यावर एक छान प्रयोग झाला आहे. अमेरिकेतल्या काही अर्थतज्ज्ञांनी जवळपास ९,४०० बनावट अर्ज तयार करून खऱ्याखुऱ्या जाहिरातींना पाठवले. उमेदवार कागदावरचे, पदव्या कागदावरच्या, बाकी सगळं मिळतंजुळतं. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. ज्या अर्जांवर पदवीच्या काळातली एक इंटर्नशिप लिहिली होती त्यांना मुलाखतीची बोलावणी सुमारे १४ टक्क्यांनी जास्त आली. आणि बिझनेसच्या पदव्यांचा, ज्या खास नोकरी मिळावी म्हणून घेतल्या जातात, वेगळा फायदा दिसलाच नाही. एका ओळीने एवढा फरक पडतो! अनुभव घ्या म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथे शंभर टक्के बरोबर आहे.

पण ती ओळ कोणाच्या अर्जावर येते? इथे मला थांबायचंय, कारण या विषयातलं मला सगळ्यात जास्त छळणारं हेच आहे. चांगल्या इंटर्नशिपा जाहिरातीतून मिळतात त्यापेक्षा ओळखीतून जास्त मिळतात. काकांचं ऑफिस, बाबांचे मित्र, शेजारच्यांची कंपनी. बऱ्याच ठिकाणी पैसे मिळत नाहीत, मिळाले तर प्रवासखर्चाएवढे. दोन-तीन महिने फुकट काम करणं ज्याला परवडतं त्याच्याच अर्जावर ती ओळ चढते. ज्या घरात कॉलेजात जाणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घरातल्या मुलीकडे काका नसतात आणि बिनपगारी महिनेही नसतात. परक्या माणसाच्या टेबलावर ठेवता येईल असं तिच्याकडे एकच असतं, तिचे मार्क. ते तिने कोणाच्याही शिफारशीविना मिळवलेले असतात. अशा मुलीला "मार्कांना काही अर्थ नसतो" असं सांगणं म्हणजे तिच्या हातातलं एकमेव चलन रद्द करणं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल, परिणाम मात्र हाच होतो.

आणि उलटी बाजूही तितकीच बोचणारी. शिकता शिकता कमावणारी मुलं. त्यांचे मार्क रेषेच्या आसपास रेंगाळतात, कारण परीक्षेच्या आदल्या रात्रीही त्यांची शिफ्ट असते. त्यांच्याकडे अनुभव असतो, भरपूर असतो, पण तो त्यांना अनुभव वाटतच नाही. ते तो लपवतात.

अशाच एका मुलाच्या मुलाखतीत मी होते. मार्क बेताचे, रेषेला जेमतेम टेकलेले. बायोडेटावर कॉलेजचा एक प्रोजेक्ट, तोही सगळ्यांच्या बायोडेटावर असतो तसलाच. अगदी तळाशी एक ओळ: "औषधांच्या गोदामात पार्टटाइम." पॅनेलवरच्या कोणी त्याबद्दल विचारलं नव्हतं. मी विचारलं, तिथे काय करायचास? तो संकोचला. "काही नाही मॅडम, स्टॉक लिहायचो." मी म्हटलं, सांग की, काय काय लिहायचास. मग हळूहळू बाहेर आलं. रजिस्टरमधला आकडा आणि रॅकवरची खोकी रोज जुळायची नाहीत. सगळ्यांना चोरीचा संशय. याने चार दिवस नुसतं पाहिलं की माल कधी येतो आणि कधी लिहिला जातो. परत आलेला माल संध्याकाळी उशिरा रॅकवर लागायचा आणि त्याची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची. मोजणी व्हायची मधल्या वेळेत, रात्री. याने परत आलेल्या मालासाठी वेगळा रॅक मागून घेतला आणि नोंद होईपर्यंत तिथलं खोकं हलवायचं नाही असं ठरवून टाकलं. आकडे जुळायला लागले.

आम्ही ज्या कामासाठी माणूस शोधत होतो त्यात नेमकं हेच लागणार होतं: दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत तेव्हा घाबरून न जाता कारण शोधणं. त्याच दिवशी आलेल्या एका उत्तम मार्कांच्या मुलाला मी त्याच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं, यात तुझा स्वतःचा भाग कोणता? "आम्ही सिस्टिम डेव्हलप केली." तू काय केलंस? "आम्ही टीम म्हणून..." तिसऱ्यांदा विचारल्यावर तो गप्प झाला. तो मठ्ठ नव्हता. त्याला कोणी कधी असं काम दिलंच नव्हतं जे चुकलं तर दुसऱ्या माणसाचं अडेल.

गोदामातल्या मुलाने ही गोष्ट बायोडेटावर का लिहिली नव्हती? कॉलेजात कोणीतरी सांगितलं होतं की असली किरकोळ कामं लिहू नयेत, इम्प्रेशन खराब होतं. किरकोळ!

आता जरा आकड्यांकडे येते, कारण अनुभवाचे भक्तही एका ठिकाणी चुकतात. नोकरीआधीचा अनुभव आणि नोकरीतली कामगिरी यांच्या संबंधावर २०१९ साली ८१ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. संबंध मोजायची पट्टी अशी समजा की शून्य म्हणजे काही नातं नाही आणि एक म्हणजे पूर्ण नातं. अनुभवाचा आकडा आला ०.०६. म्हणजे जवळपास काहीच नाही. ग्रेड आणि कामगिरी यांच्यावरचा असाच एक आढावा १९९६ सालचा आहे, त्यात कच्चा आकडा ०.१६ होता. आधीच चांगले मार्क असलेल्यांनाच नोकरीत घेतलं जातं, त्यामुळे त्यांच्यातला फरक कमी दिसतो. ही आणि अशा इतर कमतरता धरून हिशेब केला तर तो आकडा ०.३०च्या वर गेला. आणि पदवीनंतर जितकी वर्षं उलटतात तितका हा संबंध विरत जातो, हेही त्यात दिसलं. बॉक म्हणाले होते त्याच्याशी हे जुळतं.

मग अनुभव निरुपयोगी का? तसं नाही. बहुतेक ठिकाणी तो महिन्यांत आणि वर्षांत मोजला जातो, आणि नुसत्या मुदतीवरून त्या काळात माणूस काय शिकला ते कळत नाही. सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये कोणी सहा महिने फायलींची नावं बदलत बसलेलं असतं, आणि कोणी गोदामात चार दिवसांत एक गुंता सोडवलेला असतो. ज्या निवडपद्धती भावी कामगिरीचा बऱ्यापैकी अंदाज देतात त्यांत प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत या दोन्ही आहेत. १९९८ साली श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा कामाचा नमुना यादीत अगदी वर होता. २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तोच हिशेब नव्याने मांडला. बरेच आकडे खाली आले, आणि पहिल्या नंबरावर आली ती ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत.

क्षेत्राप्रमाणे गणित बदलतं, हे उघड आहे. संशोधनात जायचं, परदेशी शिकायला जायचं, तर मार्क बराच काळ पाठ सोडत नाहीत. डिझाइन, लेखन, प्रोग्रॅमिंग इथे केलेलं काम उघडून दाखवता आलं तर मार्कांकडे फारसं कोणी पाहत नाही.

शेवटच्या वर्षाला असलेल्यांनो, तुम्हाला ज्या नोकऱ्या हव्या आहेत त्यांच्या जाहिराती आजच उघडा आणि रेषा कुठे आहे ते बघा. खाली असाल तर उरलेल्या सेमिस्टरमध्ये आधी ती गाठा, बाकी सगळं नंतर. ती गाठणं आता शक्यच नसेल तर जिथे मालक स्वतः अर्ज वाचतो अशा लहान कंपन्यांना थेट लिहा, सोबत केलेलं एखादं काम जोडा. तिथे चाळणी नसते, माणूस असतो. रेषेच्या वर असाल तर असं एक काम शोधा ज्याची कोणीतरी वाट पाहत असेल. कंपनी मोठी असायलाच हवी असं नाही. एखाद्या संस्थेचा हिशेब, ओळखीतल्या दुकानाची ऑर्डरची यादी, लहान मुलांची शिकवणी, काहीही. आणि पोटासाठी केलेलं काम बायोडेटावर वरच्या अर्ध्यात लिहा. आठवड्याला किती तास, काय जबाबदारी, काय बिघडलं होतं, तुम्ही काय केलंत. "पार्टटाइम" एवढ्या एका शब्दावर भागवू नका.

आणि माझ्यासारख्याच अर्ज वाचणाऱ्यांना एक विनंती. "फ्रेशर हवा, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक" अशा जाहिराती कृपा करून बंद करा. कटऑफ लावायचाच असेल तर लावा, गठ्ठ्याची अडचण मलाही माहीत आहे. पण फॉर्ममध्ये मार्कांच्या रकान्याशेजारी अजून एक रकाना टाका: शिकत असताना नोकरी करत होतात का, आठवड्याला किती तास? तिथे वीस किंवा त्याहून मोठा आकडा असेल, तर तो अर्ज सॉफ्टवेअरने न गाळता माणसाकडे पाठवू द्या. आमच्या फॉर्ममध्ये हा रकाना यावा म्हणून मी मागे लागले आहे. तुमच्याकडे हा रकाना आधीपासून असेल तर कमेंटमध्ये सांगा, कसा चालतो ते मला समजून घ्यायचंय.