जीप एका सेल्फात सुरू झाली, म्हणून घेऊ नका

खानापूरपासून निपाणीपर्यंत मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतोय. सार असं: 'जुनी जीप म्हणजे नुसतं लोखंड. एका सेल्फात सुरू झाली आणि डांबरावर फोर-व्हील टाकून हलकी वळली, की डोळे झाकून घ्या. गंज असला तर पत्रा बदलता येतो. पन्नास वर्षं झाली की गाडी व्हिंटेज, पासिंगची कटकट संपली.' यातलं एकही विधान धरून पैसे मोजू नयेत.

सेल्फचं आधी उरकून टाकू. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणं ही जुनी युक्ती. बॉनेटला हात लावा; गरम लागलं तर चहा घेऊन या आणि गार झाल्यावर सुरू करायला सांगा. पण मुळात इंजिनाला एवढं डोक्यावर घ्यायचं कारण नाही. सीजे-३बी या जुन्या जीपमधलं हरिकेन हे २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतात, म्हणून एक्झॉस्टच्या सीटचं, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याचं, काम ब्लॉकवरच करावं लागतं. खर्चिक आहे, पण होतं. उद्यमबागेची औद्योगिक वसाहत जवळ असताना लेथ आणि बोअरिंगवाल्यांचा बेळगावात तोटा नाही. चेसिस नंबर आणि कागद मात्र कुठल्याच लेथवर निघत नाहीत.

फोर-व्हीलचं, म्हणजे लिव्हर टाकून चारही चाकांना ताकद देण्याचं, विधान तर उलटंच आहे. या जिपांमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये फरक सोसणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, कोरड्या डांबरावर टायर घसरत नाहीत, आणि तो ताण शाफ्टांमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकतो. म्हणजे गाडी निरोगी असेल तर जड वळायलाच हवी. फोर-व्हील टाकून लोण्यासारखी वळली, तर पुढचा शाफ्ट काढलेला आहे, नाहीतर आतला एक्सल तुटलेला आहे, असा संशय घ्या. शिवाय डांबरावर अशा चकरा मारून चांगले जॉइंटही खराब होतात.

खरी तपासणी अशी. मागच्या चाकांना दगड लावा, पुढची दोन्ही जॅकवर उचलून खाली स्टँड द्या. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, फोर-व्हील लागलेलं, हबला (पुढच्या चाकांच्या मध्यावर) एक्सलशी जोडणारे लॉक असतील तर तेही लावलेले. आता एक चाक हाताने पुढे फिरवा. पलीकडच्या बाजूचं पुढचं चाक उलटं फिरलं पाहिजे. नाही फिरलं, तर सौदा तिथंच नव्याने बोलायचा. त्याच उंचीवर चाक वर-खाली धरून हलवा, किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती) आणि बेअरिंगचा खेळ कळतो. मग गाडी उतारावरच्या मुरमाड वाटेवर न्या, लो, म्हणजे हळू पण जोरदार ओढणारी रेंज, लावा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. लिव्हर आपोआप न्यूट्रलमध्ये उडाला, तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा, झिजलेला आहे. जांबोटीच्या उतारावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पत्र्याबद्दल: पत्रा बदलतो, मान्य. अख्खी बॉडी नवी मिळते; हरियाणातल्या डबवालीत तोच धंदा चालतो. नऊ खाचांची जाळी बघून 'महायुद्धातली जीप' म्हणून भुलू नका, जाळीसुद्धा विकत मिळते. कणकुंबीकडच्या पावसात वावरलेली गाडी असेल तर खाली झोपून चेसिस बघा. स्प्रिंगचे पाटे जिथं अडकतात ती जागा आणि मागचा आडवा मेंबर हातोडीने ठोका. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर आत चिखल आणि गंज. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर जास्तच ठोका. चेसिस नंबरभोवती ग्राइंडरच्या खुणा असतील तर मात्र पुढे काही बघू नका, उठून या.

राहिलं व्हिंटेज. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे नुसती पन्नास वर्षं पुरत नाहीत. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा लागतो. पेट्रोल काढून डिझेल बसवलेल्या जिपा आपल्याकडे किती आहेत, ते तुम्हीच बघा. नवी व्हिंटेज नोंदणी २०,००० रुपयांची, आणि नंतर ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. शेतावर रोज जायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा. पंधरा वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते.

आपल्याकडे त्यात सीमेची भर. कोल्हापूर किंवा गोव्याची गाडी इथं कायमची ठेवायची, तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडचा टॅक्स आणि कर्नाटकचा नवा केए नंबर, हे सगळं आलं. इंजिन बदललेलं असेल तर आरसीवर त्याची नोंद आहे का तेही बघा. 'एनओसी मागून देतो की' म्हणणाऱ्याला बयाणाही मागूनच द्या.