फौंड्री भैय्यांनी खाल्ली म्हणणाऱ्यांसाठी

आमचे आण्णा उद्यमनगरात मोल्डर होते, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करायचे, तीस वर्षं. परवा एका ग्रुपवर कुणीतरी टाकलं की कोल्हापूरची फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा धंदा, भैय्यांनी खाल्ली, आणि खाली शंभर जणांनी लाईक केलंय. वाचून लई वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

आपल्याकडं ना कोळशाची खाण, ना लोखंडाचा मोठा कारखाना. होता तो ऊस. नदीचं पाणी उचलायला ऑइल इंजिन पाहिजे, गुऱ्हाळाला चरक पाहिजे, आणि दोन्हीला ओतीव लोखंड, त्यातनं उद्यमनगर उभं राहिलं, मग शिरोली, गोकुळ शिरगावची एमआयडीसी. क्युपोलाला, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीला, हार्ड कोक म्हणजे भाजलेला दगडी कोळसा लागायचा, तो झरिया-धनबादकडनं यायचा. आणि पन्नासच्या दशकापासून 1990 नंतरच्या एक-दोन वर्षांपर्यंत सरकारनं लोखंड-पोलादाचं रेल्वेभाडं समान ठेवलेलं, म्हणजे खाणीजवळ जो भाव तोच लांबच्या गावालाही. आपल्याला ते पावलं. पण मग कारखाना खाणीजवळच काढायची गरज उरली नाही, आणि ज्यांच्या जमिनीखाली हे सगळं होतं त्या बिहार-झारखंडच्या पोरांना कामासाठी गाव सोडावं लागलं, हे आपण कधी बोलतच नाही!

हीटच्या दिवशी, म्हणजे भट्टी पेटवून लोखंड ओतायचं त्या दिवशी, मी आण्णांचा डबा घेऊन जायचो. क्युपोलाचं तोंड मातीच्या गोळ्यानं बुजवलेलं असायचं, सळईनं ते फोडलं की पिवळाधमक रस लॅडलमधी, ओतायच्या मोठ्या पळीत, यायचा, आणि आण्णा नुसता रंग बघून सांगायचे, मेटल थंड आहे, ओतू नका. नडग्यांवर ठिणग्यांचे डाग होते त्यांच्या, शेवटपर्यंत गेले नाहीत.

धंदा बसला तो असा. गावोगाव वीज आली, मोटारी आल्या, ऑइल इंजिन मागं पडलं. ज्यांना गाड्यांचं, ट्रॅक्टरचं काम मिळालं आणि इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेची भट्टी, घालायला भांडवल होतं ते टिकले, मोठेही झाले, बारक्या शेडला कुलपं लागली. आता एक टन मेटल वितळवायचं तर साधारण 600 युनिट वीज जाते, आणि आपल्याकडच्या वीजदरावरनं कर्नाटकात जातो म्हणून इथल्या कारखानदारांनी कितीदा इशारा दिलाय ते तुम्हीच आठवा. यात भैय्यानं काय खाल्लं सांगा? आपली पोरं सॅन्डमधी हात घालायला तयार नाहीत, मीही गेलो नाही, आण्णांनीच जाऊ दिलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत भाड्यानं एक पोरगा राहायला आला, फेटलिंगला आहे, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या कामाला. आण्णांनी गाव विचारलं, तर म्हणाला धनबादजवळचं. आण्णा एकदम उठून बसले, म्हणाले अरे आमचा कोक तुमच्याकडनंच यायचा की, आणि आईला चहा टाकायला सांगितला.

आण्णांच्या छातीचा पहिला एक्स-रे निघाला तो रिटायर झाल्यावर, तवर वाळूची धूळ आत बसली होती. या पोरांचा तरी दरवर्षी काढा. शेडवाल्या मित्रांनो, हे तुम्हालाच म्हणतोय.