पीसीआर असताना एलायझा कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की मुलांच्या जुलाबांवरच्या लेखात मी एलायझा (व्हायरसचं प्रोटीन अँटीबॉडीने पकडून रंगाने दाखवणारी टेस्ट) आणि जेलचं (व्हायरसच्या आरएनएचे तुकडे जेलमध्ये वेगळे करून बघायची पद्धत) कौतुक करत बसलो, हे सगळं कधीच मागे पडलंय, आता पीसीआरमध्ये (व्हायरसच्या जनुकांच्या प्रती वाढवून शोधणारी टेस्ट) एका फटक्यात सगळे व्हायरस कळतात, मग लोकांना जुनंपानं कशाला सांगताय.

आधी माझी चूक. नोरोव्हायरस, म्हणजे जुलाब-उलट्या करणारा एक व्हायरस, मी दोन ओळीत उरकला. त्याचे प्रकार इतके की एलायझाच्या हातून बरेच निसटतात, तिथे आरटी-पीसीआरच (आरएनए शोधणारा पीसीआर) पाहिजे. हे मान्य.

पण रोटाचं, म्हणजे मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचं, तसं नाही हो. जुलाब जोरात असताना पोराच्या एक ग्रॅम शीमध्ये अब्जावधी व्हायरस असतात, एलायझाला तेवढे भरपूर झाले. उलट पीसीआर इतका तिखट की पंधरा दिवसांपूर्वीच्या इन्फेक्शनचे उरलेसुरले पण दाखवतो, आणि रोटाव्हॅक किंवा रोटासिल या रोटाच्या लशीचा डोस नुकताच झाला असेल तर लशीतलाच व्हायरस पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण ती जिवंत लस आहे. आता आजचे जुलाब त्याचेच की भलत्याचे? मशीन फक्त सापडला एवढंच सांगतं. सिटी व्हॅल्यू (कितव्या फेरीला व्हायरस दिसला तो आकडा, जितका कमी तितका व्हायरस जास्त) बघून थोडा अंदाज येतो, पण रिपोर्टवर ती छापतात किती जण?

जेलबद्दल तर मी भांडणारच. रोटाच्या आरएनएचे ११ तुकडे, सिल्व्हर स्टेन केलं (चांदीच्या क्षाराने जेल रंगवलं) की चार-दोन-तीन-दोन असे गट करून तपकिरी रेघा हळूहळू वर येतात, ग्रुप ए (मुलांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा रोटाचा गट) ओळखायला तेवढं बास. शिकत होतो तेव्हा एकदा डेव्हलपरमध्ये (रेघा उमटवणाऱ्या द्रावणात) जेल ठेवून फोन घ्यायला गेलो, परत येतो तर अख्खं जेल काळंकुट्ट, सरांनी दिवसभर तोंड पाहिलं नाही माझं.

आणि पीसीआर निगेटिव्ह म्हणजे व्हायरस नाहीच, हे पण धरून चालू नका. शीमधल्या पित्तक्षारांनी वगैरे रिअ‍ॅक्शनच अडते कधीकधी. त्यात सॅम्पल येतं डायपर खरवडून, पातळ भाग सगळा आत शोषलेला. आम्ही आयांना सांगतो, डायपर उलटा बांधा, प्लास्टिकची बाजू आत, मग चमच्याने डबीत घ्या.

बाकी घरी बाळ आजारी असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, व्हायरस कुठलाही निघो, ओआरएस आणि झिंक आत्ताच सुरू करायचं असतं. नोरोचा भाग आज रात्री दुरुस्त करतो. जेलचा आहे तसाच राहील.