परराज्यातील ट्रक आणि उत्तर देण्याची कला

शासनाच्या वतीने उत्तरे लिहिण्याचे काम आपल्या वाट्याला आले असेल आणि प्रश्न परराज्यातील वाहनाने घेतलेल्या बळीचा असेल, तर पुढील सूचना जपून ठेवाव्यात. माझ्या मावसभावाला उडवून गेलेल्या ट्रकच्या तपासाविषयी माहितीच्या अधिकारात केलेल्या अर्जाचे उत्तर नुकतेच हाती पडले. आदर्श म्हणून तेच समोर ठेवले आहे.

‘हे खरे आहे काय’ असे विचारल्यास ‘हे अंशतः खरे आहे’ असे लिहावे. माणूस अंशतः मेला की ट्रक अंशतः परराज्यातला होता, हे विचारायला कोणी येत नाही.

विलंबाची कारणे विचारल्यास ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहावे.

प्रश्न संसदेत आला तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीचा दाखला देऊन पोलीस हा राज्यांचा विषय असल्याचे कळवावे, आणि विधानसभेत आला तर दुसऱ्या राज्याकडे बोट दाखवावे.

शिक्षेविषयी मात्र हात आखडू नये. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मधील कमाल २ वर्षांची कैद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ५ वर्षांवर नेली, हे ठळक छापावे. खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैद सांगणारे पोटकलम ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर बाजूला ठेवून १ जुलै २०२४ रोजी उरलेली संहिता लागू झाली, हे विचारल्याखेरीज सांगू नये.

आता माहितीच्या देवाणघेवाणीकडे वळू. वाहनांसाठी ‘वाहन’, परवान्यांसाठी ‘सारथी’, अपघातांसाठी ‘ई-डार’ आणि पोलीस ठाणी जोडण्यासाठी २००९ मध्ये मंजूर झालेली सीसीटीएनएस, अशी सर्व प्रणालींची नावे ओळीने द्यावीत, म्हणजे वाचणाऱ्याला धाप लागते. त्यानंतर, माझ्या उत्तरात आहे तसे, ‘वाहनमालकाचा तपशील परराज्यातील संबंधित कार्यालयाकडे पत्राद्वारे मागविला असून तो अद्याप अप्राप्त आहे’ असे लिहावे. अप्राप्त! ट्रकचा क्रमांक साक्षीदाराने सांगितला, तो पंचनाम्यात आहे, फिर्यादीत आहे, आणि तरी तपशील अप्राप्त. याच ट्रकने सिग्नल तोडला असता, तर ई-चलानाने ‘वाहन’मधून मालकाचे नाव काढून त्याच्या मोबाइलवर दंडाचा संदेश धाडला असता, आणि त्या वेळी राज्याची हद्द कोणालाही आडवी आली नसती. दंड वसूल करायचा असला की देश एक असतो, माणूस मेला की टपालखाते लागते.

वाहन ‘अज्ञात’ ठरले तर उत्तमच. वारसांना २ लाख रुपये मिळतात आणि १ एप्रिल २०२२ पूर्वी तर २५ हजारांत भागत असे.

पुरे झाला हा उपदेश. २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर मेलेल्या १ लाख ६८ हजार ४९१ माणसांचा हिशेब तुम्ही शेवटच्या आकड्यापर्यंत छापता, मग त्यांतल्या किती जणांना मारणारी वाहने परराज्यातील होती आणि त्यांच्या किती चालकांवर दोषारोपपत्र दाखल झाले, हे विचारल्यावर तुमचा संगणक बंद का पडतो? पत्र कसले पाठवता? समोर कळफलक आहे, त्यावर ट्रकचा क्रमांक टाका, मालकाला नोटीस काढा, त्या दिवशी गाडी कोणाच्या हातात होती ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि मग मला उत्तर पाठवा.